घासलेली चरखी

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की माझा डोळा लागतो, आणि डोळा लागला की बहुतेक वेळा एक आवाज ऐकू येतो. किर्रर्र. जरा थांबून पुन्हा किर्रर्र. वाळल्या शेंगेतल्या बिया हलवल्यासारखा, पण त्याहून ओला. तो आवाज नर्मदेच्या तिलवारा घाटाच्या खालच्या अंगाला, पाण्यात अर्ध्या बुडालेल्या एका सपाट खडकावरून येतो. खडकावर माझे मोठे काका बसलेले असतात. हातात बांबूची काठी, काठीला पितळी चरखी, आणि चरखीतून सुटत चाललेली दोरी. मासा कधीच दिसत नाही. दोरी तेवढी जात राहते. पलीकडचा काठ धुक्यात असतो, त्यामुळे ती कुठवर जाते ते कळत नाही, आणि मला ते कळून घ्यायचंही नसतं.

मग कोणीतरी काउंटरवर टिचकी मारतं, “भैया, ये लालटेन कितने की?” आणि मी जागा होतो. जागं झाल्याबरोबर तोंडातून जो भाव निघतो तो नेहमी जास्तीचा असतो. गिऱ्हाइकाला वाटतं मी लोभी आहे. लोभ नसतो तो. राग असतो.

ती चरखी माझी होती. काकांनी मला ती दिली होती, आणि मला ती मिळाली नव्हती. इतकीच गोष्ट आहे, पण ती मी वर्षानुवर्षं उरात बाळगून होतो.

माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. काका रांझीला कारखान्यात होते आणि कारखान्याच्याच क्वार्टरमध्ये राहायचे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, दादा, माझ्याहून बराच मोठा. तो तेव्हा आधीच कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला होता आणि रविवारीसुद्धा ओव्हरटाइमला जायचा. त्यामुळे काका रविवारी पहाटे सायकल काढायचे तेव्हा मागच्या कॅरिअरवर मी असायचो. सगळं शहर ओलांडून आम्ही नागपूर रस्त्याला लागायचो. मी काकांच्या पाठीला गाल टेकून अर्धा झोपेत असायचो, आणि हवा एकदम गार झाली की नदी आली हे डोळे न उघडता कळायचं.

चरखी त्यांना त्यांच्या फोरमननं दिली होती. तो साहेब नोकरी सोडून कायमचा परदेशी निघाला तेव्हा त्यानं घरातल्या वस्तू वाटून टाकल्या. कोणाला टेबल मिळालं, कोणाला कोट, काकांना चरखी. मुठीत मावेल न मावेल एवढी, जड, गोल, एका बाजूला फिरवायला शिंगाची छोटी मूठ. पितळेची होती हे मला कित्येक दिवस माहीतच नव्हतं, कारण ती पिवळी नव्हतीच. काळपट तपकिरी होती, संध्याकाळच्या नर्मदेसारखी. मी एकदा सदऱ्याच्या टोकाला थुंकी लावून ती पुसायला गेलो, तर काकांनी माझा हात धरला.

“घासायची नाही तिला. कधीच नाही.”

“काहून?”

“मासा चमक बघतो. वर काही लखलखलं की समजतो, माणूस बसून राहिला आहे. म्हणून बनवणाऱ्यानंच तिला काळं करून पाठवलं.”

काकांना मासे फारसे मिळायचे नाहीत. कधीमधी एखादा महसीर लागायचा, चरखी किंचाळायची, काका उठून उभे राहायचे, आणि बहुतेक वेळा दोरी सैल होऊन परत यायची. मिळालाच तर तो घाटावरच्या चहावाल्याकडे जायचा, कारण काकूच्या स्वयंपाकघरात मासा चालत नव्हता. मला वाटतं काकांना मासा नकोच होता. दोरीच्या त्या टोकाला काहीतरी आहे, एवढंच त्यांना पुरत असावं. आम्ही तासन्‌तास बोलायचो नाही. पुलावरून गाड्या जायच्या, कोणीतरी वरून नदीला नारळ टाकायचं, नारळ बुडायचा, वर यायचा आणि आमच्या समोरून हळूहळू वाहत जायचा.

अशाच एका सकाळी, नारळ दिसेनासा झाल्यावर, काका पाण्याकडे बघतच म्हणाले, “माझ्यामागे ही तुझी.”

 त्या क्षणापासून ती माझी झाली.

काका गेले तेव्हा मी धंद्याला नुकताच लागलो होतो. नोकरी मिळाली नव्हती, शिक्षण अर्धवट, म्हणून हातगाडी घेऊन जुनं लोखंड, जुन्या चौकटी, घड्याळं विकत घ्यायचो. शहराबाहेरच्या पाटणकडच्या जुन्या घरांचे दरवाजे उतरवून आणायचो. तेराव्याला सगळे जमले. मी वाट पाहिली. जेवणं झाली, पानं उचलली गेली, दादानं काकांचा चष्मा, त्यांची मापं घ्यायची हत्यारं आणि चरखी एका कापडात बांधली आणि लोखंडी कपाटात ठेवून किल्ली फिरवली. मी बघत होतो. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मागितली नाही मी. मागायची वस्तू नव्हती ती, द्यायची होती.

पुढे माझं बरं चाललं. हातगाडीचं दुकान झालं. मी बोलायला कडक आहे, भावात कोणाच्या बापाला हार जात नाही, आणि बाजारात माझ्याबद्दल काय म्हणतात ते मला माहीत आहे. दसरा-दिवाळीला दादाकडे जायचो, चहा प्यायचो, वहिनी फराळाचा डबा द्यायची, मी तो घ्यायचो. चरखीचा शब्द मी काढला नाही, त्यानंही नाही.

मग एकदा कलकत्त्याचे एक म्हातारे गृहस्थ घड्याळ बघायला दुकानात आले. त्यांना मासेमारीच्या जुन्या सामानाचा शौक होता. पाऊस लागला होता, त्यांची गाडी उशिरा होती, तेव्हा ते बसले आणि बोलत राहिले. मी चहा सांगत गेलो. जुनी विलायती चरखी कशी ओळखायची, हे त्या दुपारी मी शिकलो. आधी स्क्रू बघायचे. खाच बारीक आणि सरळ हवी. अधिकच्या चिन्हासारखी खाच दिसली की वस्तू परत ठेवून द्यायची. मग पाय बघायचा, म्हणजे काठीवर बसवायची ती लांबट पट्टी, कोणी कानस मारून ती कापली आहे का. मग चरखीच्या बाजूच्या ताटलीवरचा बनवणाऱ्याचा गोल शिक्का; खऱ्याची अक्षरं केसासारखी असतात, नकलेची ओबडधोबड. मुरादाबादकडच्या पितळी नकला बाजारात ढिगानं आहेत, भेटवस्तू म्हणून विकतात. “और अगर चमक रही हो,” ते म्हणाले, “तो पहले डरिए.” जुना काळा थर हीच खरी किंमत, तो गेला की वस्तू राहते आणि भाव जातो.

मग त्यांनी एका प्रकारच्या चरखीचं वर्णन केलं. अख्खी पितळी, या मापाची, आत छऱ्यांची बारीक माळ, बेअरिंगमध्ये असते तशी, शिंगाची मूठ. फार थोड्या बनल्या, म्हणाले, आणि त्यातल्या बऱ्याचशा हिंदुस्थानातल्या नद्यांत बुडाल्या. मी चहाचा कप हातात धरून तसाच बसलो. बाहेर पाऊस पडत होता आणि मला त्या खडकाचा वास येत होता.

तोवर माझी तक्रार नुसती तक्रार होती. त्या दुपारपासून तिला भाव आला.

मागच्या वर्षी दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी दादाचा फोन आला. नोकरीतून सुटून त्याला बरीच वर्षं झाली आहेत, क्वार्टर सोडून त्यानं रांझीतच घर बांधलं आहे.

“अरे, तुला जुन्या सामानाची पारख आहे ना?” तो म्हणाला. “बाबांची चरखी आहे बघ. पुण्याहून पोरानं कुठल्याशा वेबसाइटचा फोटो पाठवला. सेम टू सेम! लाखांत आहे म्हणते किंमत. तू ये, बघून दे. भाव सांग.”

“विकतो आहेस?”

“मग काय करू? तुझ्या वहिनीले गुडघ्यांनी बसमध्ये चढवत नाही. सेकंडहँड गाडी घेऊन टाकू म्हणतो.”

मी “येतो” म्हणून फोन ठेवला.  माझी वस्तू, आणि तिचा भाव मीच सांगायचा, आणि तोही त्याला! पण थोड्या वेळानं राग निवला आणि धंद्याचं डोकं चालू लागलं. विकतो आहे म्हणजे मला घेता येईल. हक्कानं नाही तर पैशानं. पण मिळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंग खिशात टाकलं, दुकानातली रोकड घेतली आणि मोटारसायकल काढली. उन्हाला अजून धार नव्हती. कारखान्याच्या लांबलचक भिंतीशेजारून जाताना सायकली आणि गाड्यांची पाळी सुटली होती, सगळे माझ्या विरुद्ध दिशेनं येत होते, आणि मी मनात संवाद जुळवत होतो. आधी म्हणेन, दादा, जुनी आहे पण फार नाही. मग शिंगाच्या मुठीत नसलेली चीर काढेन. मग पाय दाखवेन, कारण पाय काकांनी कानसला होता, माझ्यासमोर. एका उन्हाळ्यात नवीन बांबूच्या कड्यात तो बसेना, तेव्हा क्वार्टरच्या पायरीवर बसून त्यांनी एक टोक घासून बारीक केलं. कानस निसटली आणि पट्टीवर तिरपा ओरखडा उठला. “हात्तिच्या!” म्हणाले. पितळेची पिवळी पूड मी तळहातावर झेलून घेतली होती आणि फुंकर मारून उडवली होती, तर ती उन्हात किती तरी वेळ तरंगत राहिली होती.

ते आठवलं आणि भाव पाडायचे सगळे संवाद मी विसरलो. म्हटलं, जाऊ दे. तो मागेल ते देऊन टाकू.

दादाच्या दारावरचं झेंडूचं तोरण सुकत आलं होतं. टीव्हीवर आपट्याची पानं पडली होती. वहिनीनं पाणी दिलं आणि दादानं आतून ताट आणलं, वर लाल कापड. खंडेनवमीच्या पूजेतलं ताट होतं ते, तसंच ठेवलेलं. त्यानं जादूगारासारखं कापड ओढलं.

डोळे दिपले माझे. खिडकीतून ऊन येत होतं आणि ताटात एक पिवळाधमक गोळा लखलखत होता, नवऱ्या मुलीच्या अंगावरच्या दागिन्यासारखा. छतावर उजेडाचा एक कवडसा हलायला लागला.

“कशी आहे?” दादा म्हणाला.

“ही ती नाही,” मी म्हणालो.

“काय?”

“ही ती नाही, दादा. मूळची कुठं आहे?”

“अरे वेडा झाला का? बाबांचीच आहे.”

“काकांची काळी होती. हा मुरादाबादचा माल आहे. दुकानात असलं मी दाराला टेकण म्हणून लावतो. मला काय नवीन गिऱ्हाईक समजून राहिला? खरी लपवून ठेवतो आणि नकलेचा भाव विचारतो?”

माझा आवाज चढला होता. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली. दादाचा चेहरा लाल झाला.

“तोंड सांभाळ! माझ्या घरात येऊन मलेच चोर म्हणतो?”

“अहो भाऊजी,” वहिनी मध्ये पडली, “तीच आहे ती. इतकी काळी पडली होती, कळकट, लाज वाटत होती ताटात ठेवायले. तुमचे काका होते तोवर हात लावू देत नव्हते. नंतर दरवर्षी नवमीले मी चिंच लावून घासली. हात दुखले, पण गेलं नाही सगळं. मग यंदा यांनीच नेली, यांच्या दोस्ताच्या वर्कशॉपात.”

“बफिंग मारलं, चाकावर धरून पॉलिश,” दादा छाती काढून म्हणाला. “दोनदा. गिऱ्हाइकासमोर वस्तू ठेवायची म्हणजे चकाचक पाहिजे. आयुष्यभर कारखान्यात काय शिकलो मग?”

मी चरखी उचलली. जड होती. ते वजन माझ्या हाताला माहीत होतं. भिंग लावलं. ताटलीवरचा शिक्का बफाच्या चाकाखाली इतका झिजला होता की वाळूत बोटानं काढलेली अक्षरं लाटेनं पुसावीत तसा दिसत होता, अर्धं वर्तुळ आणि एक शेपूट. स्क्रू मात्र बारीक खाचेचे. मी उलटी केली. पायाचं एक टोक बारीक होतं, आणि त्यावर तिरपा ओरखडा.

वहिनीकडून एक नाणं घेऊन मी ते स्क्रूच्या खाचेत घातलं, स्क्रू सैल केला आणि चकती ओढून काढली. आत छऱ्यांची माळ होती. आणि माळेच्या मागे, जिथं चिंच पोचली नव्हती आणि बफही पोचला नव्हता, तिथं अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत तो रंग तसाच होता. काळपट, तपकिरी, खोल. मी त्यात किती वेळ बघत बसलो कोण जाणे. विहिरीत वाकून बघितल्यावर तळाशी आपलंच डोकं हलताना दिसावं, तसं काहीसं वाटत होतं.

“ही तीच आहे,” मी म्हणालो.

“मग? मी काय सांगून राहिलो!”

चकती परत बसवून मी मूठ फिरवली. किर्रर्र.

 वहिनीनं डोळे मिटले. मी पुन्हा फिरवली, आणि छतावरचा कवडसा थरथरत भिंतीवरून खाली आला, दादाच्या चेहऱ्यावर गेला, परत वर गेला. तो पाण्यावरून येणाऱ्या उजेडासारखा होता. ती खोली, सोफा, टीव्ही, सगळंच जरा वेळ हलत होतं.

“बाबा घरात येत आहेत असं वाटतं,” दादा हळूच म्हणाला. मग घसा खाकरला. “चल, भाव सांग.”

मी सांगितलं. खरं ते सगळं सांगितलं. वस्तू अस्सल आहे, दुर्मीळ आहे, फोटोतलीच आहे. पण फोटोतली काळी आहे. काळा थर गेला, शिक्का गेला, आणि पाय तर काकांनीच कानसला. लाखांचं विसर, हजारांत ये.

दादा हसायला लागला. चांगलं हसू नव्हतं ते.

“वा रे बनिया! साफ केली म्हणून भाव उतरला? दुनियेत कुठं होते असं? घाण होती तर लाख, आणि चमकवली तर हजार? तू भाव पाडून राहिला आहेस.”

“नाही पाडत.”

“आधी म्हणाला नकली आहे. मग म्हणतो असली आहे पण बेकार आहे. मी काय बाजारात गेलो नाही कधी?”

 आयुष्यभर मी लोकांच्या वस्तूंमध्ये चिरा काढल्या, आणि ज्या दिवशी एकही खोटी चीर काढली नाही त्या दिवशी माझ्याच भावाला मी ठग वाटलो.

“थांब,” दादा म्हणाला, “पोरानं दिल्लीच्या एका पार्टीचा नंबर दिला आहे. त्यालेच दाखवतो.”

व्हिडिओ कॉल लागला. स्क्रीनवर कानात डूल घातलेला एक माणूस आला, मागे कपाटात तलवारी. दादानं चरखी कॅमेऱ्यासमोर नाचवली.

“अंकलजी,” तो माणूस जांभई देत म्हणाला, “ये तो शोपीस है. मुरादाबाद का माल. सौ-दो सौ में मिलता है.”

दादाचा हात खाली आला. त्याचा चेहरा पाहिला आणि मला काय झालं कळलं नाही. मी फोन हिसकावून घेतला.

“शोपीस? अरे, आँख है कि बटन? स्क्रू देख. ये पाय देख. अंदर छर्रे की माला देख! तेरे बाप ने देखी है ऐसी?”

“आप कौन?”

“मैं इसका मालिक... मालिक का भाई!”

मी चकती काढून आतला रंग दाखवला. तो माणूस जागा झाला. खुर्चीतून पुढे सरकला, पण आवाज तसाच झोपाळू ठेवला. “चलो, आप बुज़ुर्ग लोग हो. आपके लिए पाँच हज़ार कर देता हूँ. नुकसान मेरा.”

ती जांभई, ते “आपके लिए”, ते स्वतःचं नुकसान. माझाच धंदा करत होता तो, आणि बरा करत होता. मी फोन बंद केला.

दादानं लाल कापडाची घडी घातली. “म्हणजे खरंच भाव गेला,” तो म्हणाला.

“गेला.”

“मी घालवला.”

“थोडा तू. थोडा वहिनीनं. थोडा काकांनी.”

“तू किती देतो?”

मी खिशात हात घातला आणि सगळी रोकड ताटात ठेवली. दिल्लीवाल्याच्या किती तरी पट होती. दादानं नोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“इतके काहून देतो? आत्ता तर म्हणत होता बेकार आहे. यात काहीतरी आहे जे तू सांगून नाही राहिला.”

“काही नाही त्यात!” मी ओरडलो. मग जे इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं ते बाहेर आलं. “ती माझी आहे! काका मला देऊन गेले होते. नदीवर. ‘माझ्यामागे ही तुझी’ म्हणाले होते. आणि तू तेराव्याच्या दिवशी कपाटात घालून कुलूप लावलंस. माझ्याकडे बघितलं नाहीस. आता माझीच वस्तू मी विकत घेतो आहे, ते तरी घेऊ दे!”

 दादा अगदी शांतपणे म्हणाला, “मलेही म्हणाले होते.”

“काय?”

“हेच. शब्द न्‌ शब्द. दवाखान्यात. म्हणून तर मी कपाटात ठेवली. मले वाटलं, तुले काय तिचं.”

आणि तेवढ्यात वहिनी हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग मोकळेपणानं, मग तिला बसावंच लागलं. “मले,” ती हसत हसत म्हणाली, “मले तर लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणाले, ‘सूनबाई, माझ्यामागे ही तुझी.’ मी म्हटलं, मामंजी, मी काय करू हिचं? आणि तो घाटावरचा चहावाला आला होता ना तेराव्याले? तो दारात मले विचारून गेला, ‘भाभीजी, चाचाजी की चरखी...?’ मी त्याले लाडू दिले आणि पाठवून दिलं.”

दादा आणि मी एकमेकांकडे बघितलं. मला रागावायचं होतं. राग शोधत होतो, पण पायरीवरून उतरताना शेवटची पायरी नसावी तसा पाय रिकाम्यातच पडत होता. मला काका दिसले, पाण्याकडे बघणारे, शेजारी जो कोणी बसला असेल त्याला, नारळ दिसेनासा झाला की, ते एकच वाक्य सांगणारे. ते वस्तू देत नव्हते बहुतेक. बरं वाटत होतं त्यांना, आणि दुसरे शब्द येत नव्हते.

दादानं ताटातल्या नोटा गोळा करून माझ्या खिशात कोंबल्या. “भावच नाही तर विकायची कशाले? राहू दे घरात.”

“कोणाच्या घरात?” मी विचारलं.

“माझ्या.”

“का म्हणून? सगळ्यांना दिली आहे ना? मग मलाही दिली आहे.”

“अच्छा! मग तोडू का मधातून?”

“वर्ष तोड,” मी म्हणालो. “नवमीला तुझ्याकडे. बाकी वर्ष माझ्याकडे.”

“फक्त एक दिवस? चलो भाई! सहा महिने माझे.”

“चार. पावसाळा तू घे.”

“पावसाळ्यात पितळ हिरवं पडते. तो तूच ठेव. मले हिवाळा दे.”

“हिवाळ्यातच तर धुकं असतं. हिवाळा देणार नाही.”

“धुक्याचं काय करतो चरखीले?”

“ते तुला कळणार नाही.”

मला वाटलं आता भांडण पेटणार. पण तो म्हणाला, “मले तर कधी नेलंच नाही त्यांनी,” आणि खिडकीबाहेर बघायला लागला.  मग त्यानं मान हलवली. “जा, घे हिवाळा. दिवाळीनंतर देऊ का आत्ता?”

“आत्ता.”

“होळीपर्यंत. त्याच्या पुढं एक दिवस नाही.”

“आणि घासायची नाही. चिंच नाही, राख नाही, बफ नाही. आपोआप काळी पडू दे. पडेल हळूहळू.”

“किती दिवसांत?”

“दिवसांत नाही. आपण असू की नाही सांगता येत नाही.”

“बरं,” वहिनी म्हणाली, “कुंकू तर लावू का नाही?”

त्यावर आम्ही पुन्हा बराच वेळ वाद घातला. शेवटी, कुंकू लावायचं पण मुठीवर, असं ठरलं.

घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. बायकोनं जेवण वाढलं होतं. मी चरखी ताटाशेजारी ठेवली. तिनं ती उचलली, वजन करून पाहिली, उजेडात फिरवली. तिला माझा स्वभाव माहीत आहे, त्यामुळे तिनं जे सगळे विचारतात तेच विचारलं.

“कितीला पडली?”

“होळीपर्यंत,” मी म्हणालो.

“म्हणजे भाड्यानं आणली?”

मी तिच्यावर भडकलो. भाड्यानं काय भाड्यानं! पण ती पोळी भाजायला आत निघून गेली होती आणि मी एकटाच ताटासमोर बसलो होतो. ती आतून काहीतरी म्हणत होती, ते मला नीट ऐकू येत नव्हतं, कारण माझं बोट मुठीवर होतं आणि मी ती अगदी सावकाश फिरवत होतो.